ट्रॉयच्या टेकडीवरून निघालेला निरोप

ट्रॉय म्हटले की शाळेत इतिहास शिकलेल्या माणसाला लाकडी घोडा आठवतो आणि अमेरिकेतल्या मराठी माणसाला मिशिगनमधले ट्रॉय आठवते. भारतातून फोन आला आणि आम्ही ट्रॉयला राहतो असे सांगितले की हमखास पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे डेट्रॉईटजवळ ना?" नाही हो. आमचे ट्रॉय न्यूयॉर्क राज्यातले, हडसन नदीच्या पूर्व काठावरचे, ऑल्बनीपासून हाकेच्या अंतरावरचे. एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाचे कारखाने होते आणि शर्टाच्या सुट्या कॉलर बनत. त्यावरून गावाला 'कॉलर सिटी' हे नाव पडले. आता कॉलरी गेल्या, कारखाने गेले. राहिली ती टेकडीवरची रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट. तिला इथे सगळे आरपीआय म्हणतात. (रिपब्लिकन पक्षाशी तिचा काही संबंध नाही, हा खुलासा मला प्रत्येक नव्या मराठी विद्यार्थ्यापाशी करावा लागतो!)

पोटापाण्यासाठी मी ऑल्बनीत कॉम्प्युटर कन्सल्टंटचे काम करतो, इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही. पण गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. कॉलेजात शिकणारी आपली मुले आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापक, दोघेही एकाच गोष्टीने हैराण झालेले दिसतात, आणि ती म्हणजे निरोप. ईमेल, कोर्सच्या सॉफ्टवेअरमधल्या सूचना, व्हॉट्सअ‍ॅप, डिस्कॉर्ड, मोबाइलवरचे टेक्स्ट, वर पुन्हा विद्यापीठाचे अ‍ॅप. हे सारे कुठून सुरू झाले हे शोधता शोधता मी फिरून आमच्याच गावात येऊन पोहोचलो. त्याची ही हकीगत.

वर्गात बोलायचे कोणी?

स्टीफन व्हॅन रेन्सेलेअर या बड्या जमीनदाराने १८२४ मध्ये ही संस्था काढली आणि ती चालवायला अ‍ॅमोस ईटन या माणसाला नेमले. ईटन हा मोठा अजब गृहस्थ. जमिनीच्या एका व्यवहारात फसवणुकीचा आरोप येऊन त्याने तुरुंगवास भोगला आणि तिथेच तो वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांत रमला. बाहेर आल्यावर गावोगाव व्याख्याने देत हिंडला. त्याने ट्रॉयमध्ये शिकवण्याची जी रीत घातली ती त्या काळात उफराटीच म्हणायची. मास्तरांनी बोलायचे आणि पोरांनी ऐकायचे, ही पद्धत त्याने मोडली. प्रयोग विद्यार्थ्याने करायचा, त्यावर व्याख्यानही विद्यार्थ्यानेच द्यायचे, आणि शिक्षकाने समोर बसून ऐकायचे, चुकले तर टोकायचे. १८२६ साली तो विद्यार्थ्यांना बोटीत घालून एरी कालव्यावरून दगड, माती, झाडे दाखवत घेऊन गेला. शिक्षक आणि शिष्य दिवसेंदिवस एकाच बोटीत! निरोप धाडायची गरजच नव्हती, जे काही सांगायचे ते समोरासमोर.

त्या बोटीवर जोसेफ हेन्री नावाचा एक तरुणही होता. तो ऑल्बनी अ‍ॅकॅडमीत शिक्षक झाला आणि १८३१ मध्ये त्याने तिथल्या खोलीभोवती सुमारे एक मैल लांब तार गुंडाळून, एका टोकाला वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. तारायंत्राचा पाया ज्या प्रयोगांनी घातला त्यांतला हा एक. ती इमारत अजून उभी आहे, समोर हेन्रीचा पुतळा आहे. दुपारच्या सुट्टीत पाय मोकळे करायला मी तिथूनच जातो. खिशातला फोन थरथरतो तेव्हा हटकून वाटते की बाबा रे, तुझी ती घंटा अजून वाजतेच आहे.

आणखी एक ट्रॉयकर सांगायला हवा. ब्रुकलिन ब्रिज बांधणारा वॉशिंग्टन रोबलिंग हा १८५७ चा इथला पदवीधर. पुलाच्या पायाचे काम पाण्याखालच्या दाबाच्या पेटीत चाले. त्या दाबाने त्याची प्रकृती १८७२ मध्ये पार ढासळली. पुढची जवळजवळ अकरा वर्षे तो खोलीतून काम पाहत होता आणि त्याच्या सूचना घेऊन त्याची पत्नी एमिली इंजिनीयरांकडे जात-येत होती. ती नुसती टपाल पोचवत नव्हती. गणित आणि साहित्याचे गुणधर्म शिकून घेऊन प्रश्नांची उत्तरे स्वतःही देत होती. एवढा प्रचंड पूल मोजक्या, नीट विचार करून लिहिलेल्या निरोपांवर उभा राहिला. २४ मे १८८३ रोजी तो खुला झाला.

आनंदीबाईंची पत्रे

पूल खुला झाल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एक अठरा वर्षांची मराठी मुलगी उतरली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली बोट इथे पोचायला जवळपास दोन महिने लागले होते. त्यांची आणि रोझेलच्या श्रीमती कार्पेंटर यांची ओळखच मुळी पत्रांतून झालेली. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले, ते या बाईंच्या वाचनात आले, आणि १८८० पासून पत्रव्यवहार सुरू झाला. भेट झाली ती तीन वर्षांनी.

फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत असताना घरचे पत्र यायला महिन्याहून अधिक काळ लागे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत ऋतू पालटलेला असे. गोपाळरावांची काही पत्रे किती कठोर असत हे आता आपल्याला ठाऊक आहे. आजारी, एकटी, परक्या थंडीत राहणारी ती मुलगी तसे पत्र वाचून त्याला उत्तर देई आणि पुढचे पत्र येईपर्यंत ते मनात घेऊन राही. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. निरोप कमी असले म्हणजे सुख असते असे नव्हे. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली आणि इथून हडसनच्या काठाने खाली गेले की लागणाऱ्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ठेवली गेली. मंडळाच्या सहलीत एकदा तिथे जायला हवे, ही सूचना मी कार्यकारिणीला करून ठेवतो.

मात्र एक गोष्ट आहे. ती पत्रे लोकांनी जपली म्हणून काशीबाई कानिटकरांना चरित्र लिहिता आले. आज शिकायला आलेल्या मुलीचे चरित्र उद्या कोणाला लिहायचे झाले तर बिचाऱ्याला काय सापडेल? "ओके", अंगठा आणि "कॉल करते".

साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींचे अनुभव याच्या मधले. निळे एअरोग्राम, कडांपर्यंत बारीक अक्षरात भरलेले. फोन म्हणजे फक्त जन्म-मृत्यूपुरता, तोही ओरडून बोलायचा. प्राध्यापकांना भेटायचे तर त्यांच्या खोलीच्या दारावर लावलेल्या वेळा पाहून जायचे. दार बंद असेल तर दाराखालून चिठ्ठी सरकवायची. त्या चिठ्ठीला संध्याकाळी उत्तर आले नाही म्हणून कोणी रागावत नसे.

१९७१

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या इथून तासाभराच्या आत, मोहॉक नदीवर अ‍ॅमस्टरडॅम नावाचे गाव आहे. तिथे २३ एप्रिल १९४१ रोजी रे टॉमलिन्सन जन्मला आणि जवळच्याच व्हेल मिल्स या खेड्यात वाढला. आरपीआयमधून १९६३ मध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनीयर झाला. शिकता शिकताच आयबीएममध्ये उमेदवारी केली. पुढे एमआयटीत मास्टर्स केले आणि १९६७ मध्ये बोस्टनजवळच्या बीबीएन कंपनीत रुजू झाला. अमेरिकी संरक्षण खात्याचे आर्पानेट नावाचे कॉम्प्युटरांचे जाळे बांधण्याचे काम या कंपनीकडे होते.

एका कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी निरोप ठेवण्याची सोय त्याआधीही होती. एमआयटीत १९६५ पासून होती. पण ती एकाच यंत्रापुरती, म्हणजे वाड्यातल्या वाड्यात चिठ्ठी ठेवण्यासारखी. टॉमलिन्सनने १९७१ च्या अखेरीस दोन प्रोग्रॅम जोडले. एक निरोप ठेवणारा आणि दुसरा जाळ्यावरून फाईल पाठवणारा. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० यंत्रांतल्या एकावरून दुसऱ्यावर, पण जाळ्यातून फिरवून, त्याने निरोप धाडला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये काय घालायचे म्हणून कळफलकाकडे पाहिले आणि कोणाच्याही नावात न येणारे चिन्ह उचलले, @. तोवर ते वाण्याच्या बिलात "इतके नग, या दराने" असे दाखवण्यापुरतेच उरले होते. पहिल्या निरोपात काय लिहिले होते ते त्याला स्वतःलाच पुढे आठवत नव्हते. बहुधा कळफलकाच्या वरच्या ओळीतली अक्षरे असावीत, असे तो सांगे. हे काम त्याला कोणी सांगितलेलेही नव्हते. सोयीचे वाटले म्हणून केले.

आपल्यापैकी काहींच्या मनात इथे शिवा अय्यादुराई हे नाव येईल. मुंबईत जन्मलेल्या आणि न्यूजर्सीत वाढलेल्या या मुलाने शाळकरी वयात, १९७८ मध्ये, एका वैद्यकीय संस्थेसाठी 'ईमेल' याच नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९८२ मध्ये त्याचा कॉपीराइट घेतला. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप त्याआधी सात वर्षांपासून जात होते. अभिमान बाजूला ठेवून एवढे मान्य करायला हरकत नसावी.

हे १९७१ साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी इंटेलने आपला पहिला मायक्रोप्रोसेसर विकायला काढला. त्यामागच्या मंडळींतला टेड हॉफ हा आरपीआयचाच, १९५८ चा. पुढे १९७५ मध्ये कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवणारा स्टीव्हन सॅसन, तोही इथलाच. म्हणजे आपल्या पोरांच्या हातातून जे सुटत नाही त्या फोनमधला मेंदू, डोळा आणि टपाल या तिन्हींच्या मुळाशी याच टेकडीवर शिकलेली माणसे आहेत! आणि त्याच १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन याचा एक लेख पुस्तकात छापून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की माहितीची रेलचेल झाली की टंचाई होते ती लक्षाची, कारण माहिती जे खाते ते ऐकणाऱ्याचे लक्ष असते. रोग आणि निदान एकाच वर्षी, असे क्वचित घडते.

पहिली तक्रार

ही पुराची तक्रार इंटरनेटच्या भरभराटीनंतर, फार तर १९९५-९६ पासून सुरू झाली असेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ईमेल एक वर्षाची होण्याआधीच तक्रार आलेली होती. आर्पाचे संचालक स्टीव्हन लुकासिक ईमेलचे मोठे भक्त. त्यांनी हाताखालच्या सगळ्यांना ईमेल वापरायला लावले आणि त्यांच्यापाशी न वाचलेल्या निरोपांचा ढीग साठला. तेव्हा सगळे निरोप एकापाठोपाठ एका लांबलचक फाईलमध्ये येत, मधलेच एक उघडता येत नसे. लॅरी रॉबर्ट्स याने १९७२ मध्ये त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात निरोपांची यादी दिसे, हवा तो वाचता येई, बाकीचा ठेवता किंवा पुसता येई. आज आपण ज्याला इनबॉक्स म्हणतो त्याचा हा पणजोबा. तो जन्मला तो ओझे आवरण्यासाठी. १९७५ मध्ये जॉन विट्टल याने आपल्या प्रोग्रॅममध्ये 'उत्तर द्या' ही आज्ञा घातली. पत्ता पुन्हा लिहायचे कष्ट वाचले, आणि त्याबरोबर "खरंच उत्तर द्यायला हवे का?" हा विचार करायची क्षणभराची उसंतही गेली. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, प्रत्येक सुधारणेत हे असेच होते. पाठवणाऱ्याचा अर्धा मिनिट वाचतो आणि तो घेणाऱ्याच्या खात्यावर चढतो.

१९७३ पर्यंत आर्पानेटवरची तीन चतुर्थांश वाहतूक ईमेलचीच झाली होती. नको असलेले निरोप यंत्रानेच कसे नाकारावेत, यावर जॉन पोस्टेल यांनी १९७५ मध्ये टिपण लिहिले. ३ मे १९७८ रोजी एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली आणि बोलणी खाल्ली. आणि मार्च १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख पीटर डेनिंग यांनी, कॉम्प्युटरवाल्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने, 'इलेक्ट्रॉनिक कचरा' या अर्थाचे शीर्षक देऊन अध्यक्षीय पत्र लिहिले. निरोप तयार करण्याच्या सोयी आपण एवढ्या वाढवल्या, आता घेणाऱ्याला वाचवण्याचाही विचार करा, असा त्यांचा सूर होता. पर्ड्यूला आपली किती मराठी मुले जाऊन आली! ज्या विभागाच्या मेलने ती आज हैराण असतात, त्याच विभागाच्या प्रमुखाने चार दशकांपूर्वी धोक्याची घंटा वाजवली होती.

सगळ्यांत ठाम उपाय केला तो स्टॅनफर्डच्या डोनाल्ड कनुथ यांनी. १९७५ च्या सुमारास ईमेल वापरायला लागलेल्या या प्राध्यापकाने १ जानेवारी १९९० पासून ती सोडूनच दिली. पंधरा वर्षे पुरे झाली, म्हणाले. ज्यांना काही कळवायचे असेल त्यांनी टपालाने कळवावे, आपण सवडीने गठ्ठा काढून एकदम पाहू. त्यांच्या ग्रंथांतली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीस देत. हे सारे वाचून हेवा वाटतो. पण कनुथ हे कनुथ आहेत आणि त्यांच्यापाशी सेक्रेटरी आहे. हातात एफ-१ व्हिसा असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने ईमेल सोडली तर त्याचे काय होईल?

देवळात कॉम्प्युटर

आरपीआयच्या आवारात दगडी भिंतींचे, उंच खिडक्यांचे एक चर्च आहे. १९३३ मध्ये सेमिनरीचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेले. संस्थेने ते १९५८ मध्ये विकत घेतले, त्यात काही वर्षे ग्रंथालय होते, आणि १९७९ पासून ते व्होर्हीस कॉम्प्युटिंग सेंटर झाले. रंगीत काचांखाली टर्मिनले मांडून पोरे रात्र रात्र बसत. २०२४ मध्ये याच इमारतीत आयबीएमचा क्वांटम कॉम्प्युटर आला, विद्यापीठाच्या आवारात बसवलेला त्या कंपनीचा हा पहिलाच. पाहुणे आले की मी त्यांना आधी ते चर्च दाखवतो.

आणि इथे दोन्ही ट्रॉयची गाठ पडते. १९७६ पासून १९९९ पर्यंत आरपीआयच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एमटीएस, म्हणजे मिशिगन टर्मिनल सिस्टिम, चाले. ती अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाने १९६७ पासून घडवलेली. डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातही तीच. या दोन विद्यापीठांचे कॉम्प्युटर तारेने जोडले गेले तेही डिसेंबर १९७१ मध्ये. मिशिगनमध्ये रॉबर्ट पार्न्स यांनी १९७५ मध्ये एमटीएसवर 'कॉन्फर' नावाची सोय केली. त्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र जमल्याशिवाय, आपापल्या सवडीने, एकाच विषयावर लिहून चर्चा करू शकत. विषयवार चर्चा, ज्याला वाटेल त्याने वाचावी. तिथे माणूस चर्चेकडे जाई, चर्चा त्याच्या मागे लागत नसे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे

भारतात ही वाट विद्यापीठांतूनच आली. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था, दिल्लीचे इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. एनसीएसटीत श्रीनिवासन रमाणी यांनी हे काम पुढे नेले. पवईची आयआयटी आणि जुहू यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या लाइनवरून ईमेल जाऊ लागली. मुंबईतला तो फोन आणि ती लाइन ज्यांना आठवते त्यांना हा पराक्रम केवढा होता हे वेगळे सांगायला नको. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलकडून. पुढच्या वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढले आणि पत्ता फुकट झाला.

माझ्या पिढीने कोथरूडच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून अमेरिकेतल्या प्राध्यापकांना मेल लिहिल्या. त्या आधी वहीत लिहायच्या, मित्राकडून तपासून घ्यायच्या, मग कॅफेत जाऊन टाइप करायच्या. घड्याळ चालू असे ना! उत्तर आले की त्याची प्रिंट काढून घरी दाखवायची. आईने माझी पहिली अ‍ॅडमिशनची मेल देवापुढे ठेवली होती. २००३ मध्ये मी एम.एस.ला आलो तेव्हा दिवसाला पंधरा-वीस मेल येत आणि त्या सगळ्या वाचून होत.

तोपर्यंत कॉलेजांत कोर्सची सॉफ्टवेअरे आली होती. वेबसीटी, १९९७ मध्ये निघालेले ब्लॅकबोर्ड, पुढे इतर. आरपीआयने १९९९ पासून नव्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप सक्तीचा केला. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे वर्ग बंद झाले आणि वर्गात जे तोंडाने सांगितले जाई ते सगळे लिहून पाठवणे भाग पडले. वर्ग पुन्हा उघडले, पण लिहून पाठवण्याची सवय राहिली ती राहिलीच.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात एम.एस.ला आला. एका ऑक्टोबरच्या रात्री त्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, अकाउंटवर अठराशे डॉलर लागलेत. हेल्थ इन्शुरन्सचे. माझा दुसरा इन्शुरन्स आहे, तरी." तो आहे हे कळवण्याची मुदत सप्टेंबरात संपली होती. "त्यांनी सांगितलं नव्हतं का?" "मेल आला होता, मामा." शनिवारी त्याच्याबरोबर स्क्रीनवर बसलो. न वाचलेल्या मेल चार हजारांच्या वर. जिमच्या वेळा, पार्किंगची दुरुस्ती, कोणाचे तरी व्याख्यान, मोफत पिझ्झा, प्रत्येक असाइनमेंटची सूचना दोनदा, एकदा सॉफ्टवेअरकडून आणि एकदा सरांकडून. त्यात तो मेल होता. विषयाच्या जागी फक्त 'स्मरणपत्र' असा शब्द. त्याच्या आईने इथे पाठवण्यासाठी काढलेले कर्ज मला माहीत आहे, म्हणून अठराशे डॉलर म्हणजे काय तेही माहीत आहे. पुढे तीन आठवडे खेटे घालून, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाऊन, निम्मी रक्कम परत मिळाली. पोरगा हुशार आहे, आळशी नाही. आता तो पहाटे उठून पहिले काम मेल चाळण्याचे करतो, कारण ओपीटीची मुदत चुकली तर पैशांवर भागणार नाही. कोर्स संपल्यापासून साठ दिवसांच्या आत अर्ज गेलाच पाहिजे.

दुसरी बाजू आपल्या मंडळातल्या एक ताई सांगतात. त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. पाच वर्ग, दीडशेच्या आसपास मुले. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत त्या मला म्हणाल्या, "अरे, वर्गात 'कोणाला शंका?' म्हटलं तर चिडीचूप. आणि रात्री साडेअकराला मेल येतो, 'प्रोफेसर, परीक्षा कधी आहे?' सगळं पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदावर लिहिलंय!" उत्तर दिले नाही तर सेमिस्टरच्या शेवटी मुले अभिप्रायात लिहितात की बाई प्रतिसाद देत नाहीत. तासांवर पगार असलेल्या शिक्षकांना तर या उत्तरांचे काहीच मिळत नाही. त्या बोलत असताना आम्हा दोघांचेही फोन वाजत होते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाप्रसादाला किती पाने लागतील याची चर्चा चालू होती, आणि पाने तर वाढूनही झाली होती.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक माणसांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या निरोपांबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असेच खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. पण हे सारे नोकरदारांसाठी. विद्यार्थी हा कोणाचाच नोकर नाही, त्यामुळे त्याची वेळ कधी संपते हे कुठेच लिहिलेले नसते. माझे मत विचाराल तर दोष ना पोरांचा, ना प्राध्यापकांचा. एअरोग्रामला पैसे पडत, सायबर कॅफेत घड्याळ चाले. आता विद्यापीठातल्या कुठल्याही कचेरीला वीस हजार मुलांना मेल टाकायला एक पैसा पडत नाही. मग ती टाकणारच. व्हिसाचा मेल आणि पिझ्झाचा मेल एकाच दारातून आत येतात आणि कोणी कोणाला पुढे सोडायचे हे मुलाने ठरवायचे. हे ठरवण्याचे काम विद्यापीठाचे आहे. ज्याच्या चुकण्याने मुलाचे पैसे किंवा व्हिसा जाईल असे निरोप वेगळ्या वाटेने, मोजके आणि स्पष्ट विषय लिहून जावेत, एवढी मागणी आपल्यासारख्या पालकांनी ओरिएंटेशनच्या दिवशी उभे राहून करायला काय हरकत आहे? फी आपण भरतो.

ताईंनी गेल्या सेमिस्टरपासून स्वतःपुरती एक रीत घातली आहे. आठवड्यात एकच मेल, शुक्रवारी दुपारी, त्यात पुढच्या आठवड्याचे सगळे. शंका असेल तर मंगळवारी आणि गुरुवारी दोन तास कॅफेटेरियातल्या खिडकीजवळच्या टेबलावर त्या बसतात. पहिले दोन आठवडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा आला आणि नंतर मित्राला घेऊन आला. आता कधी कधी खुर्च्या कमी पडतात, आणि एखादे गणित त्यांच्याऐवजी दुसराच कोणी विद्यार्थी टिश्यू पेपरवर मांडून समजावत असतो. त्या चहा पीत ऐकतात. रात्री साडेअकराच्या मेल अजून येतात, पण मोजक्या.